‘कडेने गुमान जा’ म्हणणाऱ्या वाचकांस

शहरात सायकल कशी चालवावी या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: “सायकलवाल्याने कडेने गुमान जावं. रस्त्याच्या मध्ये यायला शिकवणारे तुमच्यासारखे दीडशहाणेच लोकांचे जीव घेतात. टायरची हवा, दिवे ही सगळी पुस्तकी बडबड.”

मत वेगळं असू द्या. पण ‘जीव घेतात’ लिहिताना हात थांबायला हवा होता. वडोदऱ्यात दांडिया बाजार ते अलकापुरी मी 14 वर्षं रोज सायकलने जाते. पुस्तकातून नाही.

हवेचं मान्य. टायरची रुंदी न सांगता 50 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलं, ती माझी चूक. तो आकडा 26 बाय 1.95 टायरचा, म्हणजे 26 इंची चाकाच्या 1.95 इंच रुंद टायरचा. अरुंद टायरला तेवढी हवा कमी पडते. खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

आता ‘कडेने’. रावपुऱ्यात कडेला काय असतं? उभ्या गाड्या. मोटारीचं दार उघडलं की जवळपास मीटरभर जागा खातं. हँडलचं डावं टोक त्याला अडकलं की आपण उजवीकडे पडतो, थेट मागून येणाऱ्या चाकांपुढे. म्हणून मी ‘गाड्यांपासून मीटरभर लांब’ लिहिलं होतं. सरसकट ‘मध्ये’ हा शब्द तुमचा.

गाड्या नसतील तिथे वाळू, नाहीतर चाकाच्याच दिशेने सळ्या असलेली गटाराची जाळी. डांबराची कड तुटलेली असेल आणि पुढचं चाक खाली उतरलं, तर ते तिरकं वर चढत नाही. कडेला घासत राहतं आणि सायकल आडवी होते.

लेनच्या मध्ये यायचं ते फक्त गरनाळ्यासारख्या, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यासारख्या अरुंद जागी. तिथे भिंतीला चिकटलात की मागच्या रिक्षावाल्याला वाटतं, जागा आहे. नसते. साधारण 30 मीटर आधी उजव्या खांद्यावरून मागे बघा, हात दाखवा, फट मिळाली की मध्ये या, पार होताच डावीकडे व्हा. ऐन तोंडाशी वळू नका, हेही लेखात होतं. वाचायचे कष्ट घेतले असतेत तर दिसलं असतं.

आणि बस डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात. तुमची सुरक्षित कड तेव्हा नेमकी त्या चाकांखाली येते. चौकात बसच्या डाव्या अंगाला शिरायचंच नाही, मागे थांबायचं.

दिव्यांवर वाद घालत नाही. मागे लाल दिवा लावा.

तुम्ही कुठल्या रस्त्याने कडेकडेने जाता तेवढं कळवा. तिथल्या जाळीच्या सळ्या उभ्या आहेत की आडव्या, मी जाऊन पाहीन.