नांदूरमध्यमेश्वर : ‘रामसर’मुळे सातबारा बदलत नाही

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वर या पाणथळीच्या पक्षी अभयारण्याबद्दल पुन्हा एक मेसेज फिरतोय: ‘नांदूरमध्यमेश्वर रामसरमध्ये गेलं, आता काठच्या जमिनी सरकारजमा, शेती बंद.’ हे खरं नाही.

रामसर म्हणजे रामाचं सरोवर नव्हे (हाही गैरसमज बऱ्यापैकी आहे). ते इराणमधलं गाव. पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार 1971 साली तिथे झाला. त्या कराराखालच्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत नाव लागल्याने जमिनीची मालकी बदलत नाही. सातबाऱ्यावरचं नाव तेच राहतं. करारात ‘सुज्ञ वापर’ हे तत्त्वच आहे, म्हणजे मासेमारी, शेती, गुरं यांना सरसकट मनाई नाही.

मग बंधनं कुठून आली? ती जुनी आहेत. अभयारण्य 1986 सालीच झालं. वन्यजीव कायद्यातले अभयारण्याचे नियम इथे तेव्हापासून लागू. रामसरचा दर्जा 2019 चा, जाहीर झाला जानेवारी 2020 मध्ये, आणि तो महाराष्ट्रातला पहिला. शिकार, पाणथळीत भराव, अतिक्रमण यांना बंदी आहे. ती असायलाच हवी.

आणखी एक. हे तळं निसर्गाने दिलेलं नाही. गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिशांनी सिंचनासाठी बंधारा बांधला, मागे गाळ साचला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या. आज चापडगावच्या पक्षी-निरीक्षण मनोऱ्यावरून पाहिलं तर जांभळी पाणकोंबडी लांब बोटं टाकत पानांवरून चालताना दिसते, आणि थोडं पलीकडे ऊस उभा असतो.

तोच ऊस, ज्याची शेती म्हणे बंद झाली.