टक्के, शैली आणि तीन भाषांचं ‘ओझं’

दहावीची परीक्षा जवळ आली की आमच्या खानापूर-बेळगाव भागातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मूल वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के आणि स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात ठेवतं. तुमचं मूल डोळ्यांनी शिकतं, कानांनी की हातांनी, ते ओळखा. धडा दहा वेळा वाचून घ्या. आणि घरी मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी असं ओझं लादून त्याचा मेंदू गोंधळवू नका. यंदा तो मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं पाठवला. आता तो बाप झालाय. म्हटलं, याला तरी उत्तर द्यावं.

आकडे इतके गोल असले की तिथंच शंका यायला हवी. मेसेजबरोबर या टक्क्यांचा एक त्रिकोणही येतो. तो एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाच्या ‘अनुभवाच्या शंकू’वरून, म्हणजे प्रत्यक्ष कृतीपासून नुसत्या शब्दांपर्यंतचे अनुभव एकावर एक रचून दाखवणाऱ्या चित्रावरून आला. हा शंकू त्यानं १९४६ साली मांडला, आणि त्यात टक्केवारी नव्हतीच. ती मागाहून चिकटवली गेली. काय वाचलं, किती दिवसांनी विचारलं, हे न सांगता १० टक्के म्हणजे कशाचे १० टक्के?

डोळे-कान-हातांचं थोडक्यात. मुलाच्या ‘शैली’प्रमाणे शिकवलं तर ते जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ साली सगळे अभ्यास तपासून सांगितलं. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पुढे कुठं जाते, हे ‘कानानं शिकणाऱ्या’ पोरालाही नकाशातच बघावं लागतं.

भाषेचा मुद्दा मात्र आपल्या जिव्हारी लागणारा. मेंदू म्हणजे काही तांदळाचा डबा नव्हे, की कन्नड भरली तर मराठी सांडेल. गुणाकार-भागाकार कन्नडमध्येही गुणाकार-भागाकारच. प्रकाशसंश्लेषणाला तिकडे द्युतिसंश्लेषण म्हणतात, पण पान अन्न कसं तयार करतं हे एकदा कळलं की ते पुन्हा शिकावं लागत नाही, नुसतं नवं नाव लावायचं. कॅनडातल्या माँट्रिअलमध्ये पील आणि लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९६२ साली दहा वर्षांच्या मुलांची सामाजिक स्थिती जुळवून तुलना केली, तेव्हा बुद्धिमत्ता चाचण्यांत दोन भाषांची मुलं एकाच भाषेच्या मुलांच्या मागं नव्हती, पुढंच होती. (म्हणून ‘दोन भाषांनी बुद्धी वाढते’ असा उलटा मेसेज फिरवू नका, त्यावर अजून वाद चालू आहेत.)

घोटाळे होतात, नाही असं नाही. ‘प्रयोगावरून अनुमान काढा’ म्हटल्यावर माझ्या वर्गातल्या एकीनं विचारलं होतं, “सर, कुणावर?” कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी घेतो, कन्नडमध्ये इप्पत्तैदु म्हणताना वीस आधी येतात. काही पोरं चाचरतात. असे फरक फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून दाखवायचे. खरं ओझं वेगळं आहे. ज्या भाषेत वर्ग चालतो तीच कळत नसेल, तर सहा वर्षांच्या पोराचं सगळं ध्यान शब्द पकडण्यातच जातं आणि गणित राहून जातं. हा दोष भाषा तीन असण्याचा नाही. पाया घालण्याआधी माध्यम बदलण्याचा आहे.

राहिलं दहा वेळा वाचणं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांना उतारे दिले. काहींनी ते परत परत वाचले, काहींनी एकदा वाचून न बघता तीनदा आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढं, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. ‘रात्री सगळं येत होतं, पेपरात गेलं’ हे रडगाणं इथूनच येतं. वाचताना ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असं पोरं धरून चालतात.

तेव्हा बाबा, पोराला दहा वेळा वाचायला बसवू नकोस. एकदा नीट वाचू दे, पुस्तक मीट, आणि काय कळलं ते विचार. परवा पुन्हा विचार, पुढच्या रविवारी परत. मराठीत सांगितलं तरी चालेल, कन्नडमध्ये सांगितलं तरी चालेल.