अर्ध्या तोंडाचा संसार

आमच्या घरात तोंड वाकडं करायला कुणाला आजार व्हावा लागत नाही, ताटात दुधी पडला की पुरे. माझं मात्र एका सकाळी आपोआप झालं. चूळ भरली तर पाणी उजव्या ओठातून थेट बनियनवर. उजवा डोळा मिटेना. बायकोला "बघ बघ" म्हणालो, ते "वघ वघ" असं बाहेर पडलं.

शेजारच्या काकूंनी दारातूनच निदान केलं, "तोंडावरून वारं गेलं. तरी सांगत होते, एसटीत खिडकीशी बसू नका." बायकोला अर्धांगाची धास्ती, म्हणून रिक्षा करून आम्ही थेट इस्पितळात.

डॉक्टरांनी गाल फुगवायला लावले, दात बघितले आणि म्हणाले, "कपाळाला आठ्या घाला."

"ते त्यांना छान जमतं," इति बायको.

आठ्या डावीकडेच पडल्या. उजवं कपाळ इस्त्री केल्यासारखं. डॉक्टर चक्क खूश! कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात, त्यामुळे पक्षाघातात आठ्या बहुधा शाबूत राहतात. इथे त्याही गेल्या, म्हणजे गडबड मेंदूत नाही, चेहऱ्याच्या नसेमध्ये. बेल्स पाल्सी, म्हणजे त्या नसेचा लकवा! मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ही सातवी, चेहऱ्याची नस. कानामागच्या हाडातल्या चिंचोळ्या बोगद्यातून जाते, तिथे सुजली की चेंगरते. चार्ल्स बेल या स्कॉटिश सर्जननं १८२१ मध्ये चेहऱ्याच्या नसांवर निबंध वाचला, त्याचं नाव आता माझ्या केसपेपरवर. ७२ तासांच्या आत स्टेरॉइड सुरू झालं, हे नशीब.

ही नसबाई नुसतं तोंड हलवत नाही. कानातला स्टेपीडियस हा इवलासा स्नायूही तिच्याच ताब्यात. मोठा आवाज आला की तो कानातलं हाड आवरून धरतो. तोच पडला, त्यामुळे कुकरची शिट्टी झाली की मी सोफ्यावरून उठून उभा. जिभेच्या पुढच्या भागाची चवही तीच नेते, म्हणून आमटी डावीकडे खारट, उजवीकडे आळणी. चावणं पाचव्या नसेकडे, ते ठणठणीत. पण गाल घास ढकलेना. दुपारी बोलता बोलता सकाळची मटकी हजर व्हायची.

डोळा मिटायला गेलं की बुबुळ वर जाऊन नुसतं पांढरं दिसे. भाचा मित्रांना घेऊन यायचा, "मामा, भूत कर ना!" बहिणीच्या नव्या व्याह्यांना मात्र माझं अर्धं हसू कुत्सित वाटलं. तो विषय अजून मिटलेला नाही.

बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतं, तसं माझंही सुधारलं. फक्त नस नव्यानं वाढताना लाळेचे काही धागे वाट चुकून अश्रुग्रंथीत शिरले. आता घास घेतला की उजवा डोळा पाझरतो. सासूबाईंनी भरल्या वांग्याच्या पहिल्या घासाला ते पाहिलं आणि त्यांनाच भरून आलं. तेव्हापासून सासरी गेलो की ताटात भरली वांगीच. मला वांगं आवडत नाही, हे आता कोणत्या तोंडानं सांगू?