आईच्या मांडीवरचं बाळ गाडीत सुरक्षित नसतं

‘लहान मुलासाठी गाडीतली सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे आईची मांडी. कारसीट हे कंपन्यांनी पालकांच्या भीतीवर वाढवलेलं खूळ आहे.’ हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो, आणि त्याच्यामागे कारणांची रांग असते. (कारसीट म्हणजे गाडीच्या सीटवर घट्ट बसवायची, मुलाला पट्ट्यांनी बांधणारी वेगळी सीट.) आई बाळाला सोडणार नाही, अंतर थोडं असतं, फार तर आईचाच पट्टा दोघांभोवती घ्यावा, विमानातसुद्धा बाळ मांडीवरच असतं, आग लागली तर सीटमधलं मूल अडकेल, मागे तोंड करून बसवलं तर पाय मोडतील, आणि रडणाऱ्या मुलाला बांधून ठेवणं क्रूर आहे. पाठवणाऱ्यांच्या मनात मुलांविषयी माया असते, यात मला शंका नाही. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक कारणावर विश्वास ठेवला तर मुलाचा जीव जाऊ शकतो, म्हणून एकेक कारण तपासून पाहू.

आई बाळाला सोडणार नाही, हे पहिलं कारण. तिला सोडायचं नसतंच, पण हातांच्या ताकदीला मर्यादा आहे. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी भिंतीवर आदळली की तिचा पुढचा भाग चेपत जातो आणि साधारण अर्ध्या मीटरमध्ये ती थांबते. सगळा वेग सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात संपतो. तेवढ्या वेळात आतल्या प्रत्येक शरीरावर त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. म्हणजे १० किलोचं बाळ धरून ठेवायचं तर २०० किलोचा ओढा पेलावा लागेल, तोही धडक झाली हे मेंदूला कळायच्या आत. कोणत्याही माणसाच्या हातांना हे जमत नाही. बाळ निसटतं आणि पुढच्या सीटच्या पाठीवर, डॅशबोर्डवर किंवा काचेवर जाऊन आदळतं.

हा वाद जुना आहे. मुलांना गाडीत सीटमध्ये बांधणं सक्तीचं करणारा अमेरिकेतला पहिला राज्य कायदा टेनेसीने १९७७ मध्ये केला आणि १ जानेवारी १९७८ पासून तो लागू झाला. बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. मात्र कायदा मंजूर होताना त्यात एक पळवाट घुसली: बाळ मोठ्या माणसाच्या हातात असेल तर सीटची गरज नाही. आज फिरणारा मजकूर नेमकं हेच सांगतो. सँडर्स या तरतुदीला उघडपणे ‘बाळाला चिरडणारी’ म्हणत. १९८१ मध्ये ती काढून टाकण्यात आली.

चिरडणं का म्हणायचं, हे ‘एकच पट्टा दोघांभोवती’ या सल्ल्यातून कळतं. सगळ्या यादीत मला याचीच सर्वांत जास्त भीती वाटते, कारण तो काळजी घेतल्यासारखा दिसतो. धडकेत पट्टा जागच्या जागी आवळतो आणि मागून आईचं शरीर पुढे येतं. तिचं वजन ६० किलो असेल तर त्या क्षणी तिचा दाब हजार किलोंच्या वर जातो, आणि पट्टा व ती यांच्यामध्ये बाळाचं पोट आणि छाती असते. पट्टा न लावता बाळाला मांडीवर घेणं धोक्याचं आहेच, पण त्यावरचा उपाय हा नक्कीच नाही. मोठ्यांचा पट्टा मुलाला एकट्यालाही नीट बसत नाही. साधारण १४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत तो मानेवर आणि पोटाच्या मऊ भागावर येतो. म्हणून हार्नेसची, म्हणजे स्वतःचे पट्टे असलेली सीट लहान पडू लागली की मधल्या वर्षांत बूस्टर, म्हणजे मोठ्यांचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक, वापरायचा.

‘जवळच तर जायचंय, वेग कमी असतो’ या कारणावर फार थांबायला नको. ताशी ३० किलोमीटरची धडक म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून पडणं, आणि ताशी ५० ची म्हणजे जवळजवळ १० मीटरवरून. शिवाय समोरून येणाऱ्याचा वेग आपण ठरवत नाही.

विमानाचा मुद्दा मात्र वरवर बिनतोड वाटतो. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेऊन उडायला परवानगी असते, मग गाडीत हरकत का? १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं विमान अमेरिकेत सू सिटी इथे तातडीने उतरवावं लागलं. विमानात चार मुलं मांडीवर होती. त्यांना पायाशी जमिनीवर ठेवून धरा, असं विमानातल्या मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी पालकांना सांगितलं, कारण तेव्हाची पद्धतच तशी होती. त्या चारांपैकी एक मूल वाचलं नाही. पुढची कित्येक वर्षं ब्राउन यांनी विमानात बाळांसाठी वेगळी सीट सक्तीची करा, अशी मागणी लावून धरली. तरी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २००५ मध्ये सक्ती न करण्याचं ठरवलं. त्यामागचं कारण या मजकुराच्या पाठीराख्यांनी नीट वाचावं: वेगळं तिकीट काढावं लागलं तर काही कुटुंबं विमानाऐवजी गाडीने जातील, आणि रस्ता हा विमानापेक्षा कितीतरी धोकादायक आहे, त्यामुळे मृत्यू उलट वाढतील. म्हणजे विमानातली सवलत रस्त्याच्या धोक्यामुळेच टिकून आहे. तिच्या आधारे रस्त्यावर मांडीचा आग्रह कसा धरता येईल? तेच प्रशासन पालकांना आजही सांगतं, की विमानातही बाळाची सुरक्षित जागा मांडी नसून मान्यताप्राप्त सीट आहे.

आगीची भीती मी समजू शकते. जळत्या गाडीत अडकलेलं मूल ही कल्पनाच सहन होत नाही. पण गाडी पेटण्याचे किंवा पाण्यात पडण्याचे प्रसंग एकूण अपघातांत फार थोडे असतात, आणि त्यातही आधी धडक होते. त्या धडकेत सीटमधलं मूल जागेवर आणि बहुधा शुद्धीवर राहतं. मोकळं मूल कुठे फेकलं गेलं, हे धुरात शोधावं लागतं. युरोपीय मानकांनुसार बक्कलचं बटण लाल असावं लागतं आणि मोठ्या माणसाच्या एका दाबात उघडावं लागतं, ते याच घाईच्या क्षणासाठी. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने ते न बघता उघडायची सवय करून ठेवावी.

आता मागे तोंड करून बसवण्याविषयी. यात मजकूर सर्वांत जास्त दिशाभूल करतो. बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं, आणि मानेच्या मणक्यांचा काही भाग अजून कूर्चेचा असतो. तोंड पुढे असेल तर समोरासमोरच्या धडकेत पट्टे छाती धरून ठेवतात, पण ते जड डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर तोच जोर डोकं, मान आणि पाठ मिळून सीटच्या पाठीवर पसरतो. स्वीडनचे बर्टिल आल्डमान यांना ही कल्पना सुचली ती अंतराळवीरांच्या आसनांवरून. तेही प्रचंड जोर पाठीवरच झेलतात. १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत अशा सीटचा पहिला नमुना तपासला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या आर१२९ नियमात बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने तर २०१८ मध्ये वयाची अट काढून टाकली आणि सीटची उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत मूल तसंच बसवा, असं सांगितलं.

आणि पाय? मुलं ते दुमडून, फाकवून आरामात बसतात. अवघडल्यासारखं आपल्याला वाटतं. पायाला मार लागण्याची शक्यता तोंड पुढे असतानाही असते, कारण पाय उडून पुढच्या सीटवर आपटतात. लहान मुलाचं पायाचं हाड जुळतं, पण मानेतल्या मज्जारज्जूला झालेली इजा भरून येत नाही. एकच सक्त अट: समोरची एअरबॅग चालू असलेल्या जागी मागे तोंड असलेली सीट कधीही लावू नये. फुगणारी पिशवी बाळाच्या डोक्यामागच्या भागावरच आदळते.

‘कंपन्यांचं खूळ’ या आरोपाला आकडा पुरेसा आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या विश्लेषणानुसार, कारमध्ये योग्य सीटमुळे एक वर्षाखालच्या बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि १ ते ४ वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी घटतो. ‘सीट असूनही मुलाला लागलं’ हे काही वेळा खरं असतं, आणि त्याचं एक मोठं कारण सीट ढिली लावलेली असते. पट्टा जिथून जातो किंवा आयसोफिक्स (सीट गाडीला थेट अडकवणारे आकडे) जिथे असतं तिथे धरून हलवली तर सीट अडीच सेंटिमीटरहून जास्त हलता कामा नये. खांद्यावरच्या पट्ट्याची चुणी चिमटीत येत असेल तर पट्टा सैल आहे. तोंड मागे असताना पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा खालून यावेत, पुढे असताना खांद्याला किंवा वरून. जाड स्वेटर-जाकीट काढून मगच बांधावं, कारण धडकेत कापड दबतं आणि तेवढी ढील उरते. हवं तर पांघरूण वरून घालावं. तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकत असेल तर सीटचा कल चुकला आहे. त्याने श्वास कोंडू शकतो.

राहिलं रडणं. हे कारण मला खोटं वाटत नाही. बाळ आक्रोश करत असतं आणि आईचा हात आपोआप बक्कलकडे जातो. त्या वेळी गाडी थांबवावी. सुरक्षित जागा बघून बाहेर काढावं, घ्यावं, पाजावं, लंगोट बघावा, पट्टा कुठे रुततोय का, डोळ्यांवर ऊन येतंय का ते पाहावं, आणि शांत झालं की पुन्हा बांधून निघावं. उशीर होऊ द्यावा. चालत्या गाडीत मात्र काढू नये, दोन मिनिटांसाठीही नाही. शक्य असेल तर कुणीतरी मागे त्याच्या शेजारी बसावं, बोलावं, हात धरावा. त्या माणसाने स्वतःचा पट्टा लावलेला असावा, कारण मागच्या सीटवरचं मोकळं मोठं माणूस धडकेत बांधलेल्या मुलाच्याच अंगावर जाऊन आदळू शकतं.