आजोबा शॉडीत होते

इंग्लंडात लीड्सजवळ बॅटली नावाचं गाव आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या बाई बोलता बोलता म्हणाल्या, "माझे आजोबा शॉडीत होते." मी गप्पच झालो. शॉडी म्हणजे हलक्या प्रतीचं, कसंतरी उरकलेलं, एवढंच मला ठाऊक. ऑफिसात कुणाच्या कामाला शॉडी म्हटलं की त्याचं तोंड दिवसभर उतरलेलं असतं. आणि या बाई आजोबांबद्दल असं सांगतात, तेही अभिमानानं? सोलापुरात "आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये होते" असं ज्या सुरात सांगतात, अगदी तोच सूर.

नंतर उलगडा झाला. शॉडी हे आधी मालाचं नाव होतं, शिवी नंतर झाली. १८१३ च्या सुमारास याच बॅटलीत बेंजामिन लॉ या माणसानं लोकरीच्या चिंध्या फाडून तंतू मोकळे केले, त्यात नवी लोकर मिसळली आणि पुन्हा सूत कातलं. ते सूत म्हणजे शॉडी. चिंध्या फाडणाऱ्या दातेरी यंत्राला तिथले लोक डेव्हिल म्हणत, म्हणजे सैतान. मऊ, सैल विणीच्या चिंध्यांची ती शॉडी, आणि घट्ट कापडाच्या कातरणांचा तो मुंगो. हे नाव कसं पडलं याची एक दंतकथा आहे. माल खपणार नाही असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा मालक म्हणाला, खपलाच पाहिजे. तिथल्या बोलीत ते "मन गो" होतं. मला काही ही गोष्ट खरी वाटत नाही, पण कारखानदाराच्या तोंडी शोभते खरी.

शब्दाचा तिसरा अर्थ मला शेतात सापडला. वेकफिल्डच्या आसपास रुबार्ब नावाचं आंबट देठांचं पीक अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात. त्याला खत म्हणून गिरण्यांतला लोकरीचा कचरा घालत, कारण लोकरीतला नायट्रोजन जमिनीत सावकाश उतरतो. त्या कचऱ्यालाही शॉडीच म्हणतात. या रुबार्बला २०१० मध्ये युरोपचं संरक्षित नाव मिळालं, आपल्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे तसंच काहीसं. म्हणजे ज्या नावाची शिवी झाली, त्याच्याच जोरावर वाढलेलं पीक मानाचं ठरलं.

मग शिवी झाली कशी? अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या सैन्याला घाईघाईनं गणवेश हवे होते. ठेकेदारांनी निकृष्ट शॉडीचे गणवेश चांगल्या कापडाच्या भावात गळ्यात मारले आणि पावसात ते सैनिकांच्या अंगावरच विरले. पुढं त्या पैशावर बंगले बांधणाऱ्यांनाच लोक शॉडी म्हणू लागले. लबाडी ठेकेदारांची होती, नाव मात्र सुताचं खराब झालं.

हे सगळं डोक्यात असताना सोलापूरचा फोन आला.

आम्ही पद्मशाली, विणकर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. अण्णाचे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे, चादरीचे यंत्रमाग आहेत. पानिपतची चादर सोलापूरच्या नावानं विकली जाते हा तिकडचा जुना वाद, आणि अण्णाचा त्यावरचा राग त्याहून जुना. मानांकन मिळालं, कायदा १९९९ चा आहे, पण बाजारात गिऱ्हाईक लेबल बघतं आणि किंमत बघतं. सूत कोण बघतं? यावेळी मात्र भांडण घरातच होतं. पुतण्याला जुन्या कपड्यांपासून काढलेल्या सुती धाग्याची स्वस्त चादर काढायची आहे, तसं लेबलवर स्पष्ट लिहून. अण्णा म्हणतो, "चिंध्यांची चादर? सोलापूरच्या नावानं? मग पानिपतवाल्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

मी पुतण्याची बाजू घेतली. म्हटलं, फरक लेबलात आहे. जुनं सूत वापरणं ही लबाडी नाही, ते लपवणं ही लबाडी.

अण्णा म्हणाला, "तिकडं बसून शिकवू नको बे. इथं येऊन माग चालवून दाखव."

त्याचंही बरोबर आहे. इथं राहून शहाणपण सुचायला काय लागतं? मी जुना कोट इथल्या दान-पेटीत टाकतो आणि पुण्य केल्यासारखा घरी येतो. इथले असे कपडे कांडला बंदरातून भारतात उतरतात. पुन्हा घालण्यासाठी विकले जाऊ नयेत म्हणून लोकरीच्या कपड्यांना काप दिलेले असतात. पुढं ते पानिपतला जातात, फाटतात, सूत होतात. बॅटलीचा धंदा बॅटलीत आटला आणि पानिपतला बहरला, इतकंच. सोबत धूळही गेली. इथल्या कामगारांना त्या धुळीनं ताप यायचा, त्याला शॉडीचा तापच म्हणत. आता इथं त्याच वस्तूला कुणी शॉडी म्हणत नाही. पुनर्वापराची लोकर असं छापून चढ्या भावानं विकतात. शब्द धुऊन काढला की भाव वाढतो, हे इथले दुकानदार आपल्यापेक्षा आधी शिकले.

आपणही शब्दांशी असंच वागतो. चिंधी म्हटलं की आठवते ती द्रौपदी, श्रीकृष्णाच्या कापलेल्या बोटासाठी अंगावरचं वस्त्र फाडणारी. आणि चिंधीचोर म्हटलं की हलका माणूस. साखर पेठेत लहानपणी बोहारीण यायची. आई, म्हणजे आमची अव्वा, जुन्या साड्या देऊन एक पातेलं घ्यायची आणि पाऊण तास घासाघीस करायची. तिला जे द्यायचं नसेल त्याची वाकळ व्हायची. त्या वाकळीला कुणी हलकं म्हणालं असतं तर अव्वानं त्याला जेवायला वाढलं नसतं. तीच वाकळ दुकानात नवी म्हणून ठेवली असती, तर तिनंच पहिली शिवी दिली असती.

मात्र पुतण्यालाही एक गोष्ट सांगितली. फाडलेल्या कपड्यातले तंतू आखूड होतात, म्हणून तो धागा नव्या सुताइतका दमदार नसतो. सोलापूरची चादर वर्षानुवर्षं धुतली जाते. दोन धुण्यांत ती विरली तर लेबलवर कितीही खरं लिहिलेलं असो, गिऱ्हाईक सोलापूरलाच नावं ठेवणार. खरं लेबल ही पहिली अट, पुरेशी अट नव्हे. त्याला हे फारसं आवडलं नाही.

गेल्या आठवड्यात त्यानं नमुन्याचं सूत आणलं. व्हिडिओ कॉलवर अण्णानं त्याचा एक धागा काढला, बोटांत पीळ दिला, ताणला. तुटला. दुसरा काढला, तोही तुटला. मला वाटलं, आता संपलं.

"ताण्यात नाही टिकायचा," अण्णा म्हणाला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत. मग चष्मा कपाळावर ढकलून तिसरा धागा उजेडात धरला. "बाण्यात, आडव्या धाग्यात चालंल. पण लेबल मी लिहिणार."