कशाचा फोटो काढताय?

पोपडे निघालेली भिंत, तिच्यावर जिन्याच्या गजांची तिरपी सावली आणि मावळतीचं ऊन. मी कॅमेरा डोळ्याला लावला, श्वास रोखला, आणि कानाशी आवाज आला, "कशाचा फोटो काढताय?"

"भिंतीचा."

काकांनी भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत भिंतीकडे, या खेपेला जरा काळजीने.

"पाडणार आहेत का?"

"नाही हो."

"मग ओलीचं बघायला आलात? मीच तक्रार केली होती."

"नाही काका, सावली छान पडलीय म्हणून."

"सावली रोजच पडते."

याच्यावर काय बोलणार? सूर्य स्वतःच्या रुंदीएवढं अंतर साधारण दोन मिनिटांत सरकतो, त्यामुळे आत्ताची सावली जरा वेळाने नसते, हे मी समजावू लागलो. समजावता समजावता तीन गज पोपड्यांवरून वर सरकून ड्रेनेजच्या पाइपावर गेले. काकांनी मान डोलावली आणि नीट ऐकू यावं म्हणून बरोबर माझ्या फ्रेमच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"काढलेला असेल तर डिलीट करा. हल्ली कुठे काय टाकतात, भरवसा नाही."

हे ते सीसीटीव्हीच्या बरोबर खाली उभं राहून म्हणत होते. तो डोळा मला, काकांना, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्या दुनियेला चोवीस तास टिपतोय, पण त्याला कुणी हटकत नाही. तेवढ्यात एक पोरगा आला, त्याच भिंतीला टेकला, तोंडाचा चंबू करून मोबाइलवर पाचसहा सेल्फी काढल्या आणि गेला. त्याच्यासाठी काका चक्क बाजूला सरकले! म्हणजे फोनने काढला की तो फोटो आणि गळ्यात पट्टा अडकवून काढला की कारस्थान. लेन्स जितकी लांब तितका संशय मोठा. चिडायचं नाही म्हटलं तरी चिडायला होतं.

जुनी माणसं शहाणी. फोटोग्राफीचा फ्रेंच आद्यपुरुष नीएप्स, त्याने १८२७च्या सुमारास टिपलेलं दृश्य आज टिकून असलेलं सर्वात जुनं कॅमेराचित्र मानतात. ते त्याने घराच्या वरच्या खिडकीतून घेतलं. त्याचा भागीदार दागेर, त्यानेही १८३८ मध्ये पॅरिसचा रस्ता टिपला तो खिडकीतूनच. त्या वेळी प्लेटवर चित्र उमटायला कित्येक मिनिटं लागायची, म्हणून चालती माणसं, गाड्या सगळं गायब झालं. उरला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा असलेला एक इसम. माझी खात्री आहे, "कशाचा फोटो काढताय?" विचारणारा एक काका तिथेही खाली फिरत असणार. एका जागी थांबला नाही, म्हणून उमटला नाही. माझ्या नशिबी मात्र शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाचं. त्यात काका अगदी मिशीच्या केसासकट येतात.

"आता आलाच आहात तर माझा एक काढा."

खिशातून कंगवा निघाला. वरचं बटण लागलं. हात मांड्यांना चिकटले, श्वास छातीत कोंडला गेला आणि चेहऱ्यावर पासपोर्टवरचा भाव आला.

"थोडं हसा की."

"कशाला?"

काढला. त्यांनी स्क्रीनवर बोटांनी मोठा करायचा प्रयत्न केला, होईना, तेव्हा कॅमेऱ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "पोट जास्त आलंय. परत घ्या." परत घेतला. परत डोळे मिटले. तिसऱ्या खेपेला पसंत पडला तोवर ऊन संपलं होतं आणि भिंत नुसती भिंत झाली होती.

"लगेच पाठवा," म्हणून त्यांनी माझा नंबर घेतला. तेव्हापासून रोज पहाटे मला गुलाबाची फुलं येतात, दवाच्या थेंबांसकट. कुणीतरी गुडघे टेकून, श्वास रोखून काढलेली असणार. त्याला कुणी हटकलं होतं का, एवढंच मला जाणून घ्यायचंय.

मी काढलेला त्यांचा फोटो त्यांनी डीपीला लावलाय. भिंत तेवढी कापून.