मशीन लावण्याआधी : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

जुनाट जखमा भरायला विजेचा सौम्य प्रवाह मदत करू शकतो, असा लेख मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. 'विजेने जखमा भरत असत्या तर सर्जन कशाला लागले असते? हा मशीन विकणाऱ्यांचा धंदा आहे. फिजिओथेरपिस्टनी गुडघे-खांदे बघावेत, जखमेत हात घालू नये,' असं तुम्ही लिहिलंत. शेवटी एक ओळ आहे : मधुमेह असलेल्या वडिलांच्या तळपायाच्या जखमेसाठी महिनाभर घरी टेन्सचं मशीन वापरलं आणि जखम आणखी खोल गेली. तुमचा राग त्या ओळीतून आलाय, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

टेन्स हे दुखणं कमी करण्याचं मशीन. त्वचेखालच्या संवेदना-नसांना ते चाळवतं, त्यामुळे वेदना बोथट होते. जखमेसाठी जो प्रवाह सर्वात जास्त अभ्यासला गेलाय तो वेगळा : एकाच दिशेने जाणारा, तुटक स्पंदनांचा. पण योग्य मशीन मिळालं असतं तरी वडिलांची जखम त्याने भरली असती, असं मी म्हणणार नाही. मधुमेहात तळपायाची संवेदना जाते. जखम दुखत नाही, म्हणून माणूस तिच्यावरच चालत राहतो, आणि दिवसभरात जे काही नवं मांस धरलं असेल ते पावलागणिक चिरडलं जातं. अशा जखमेला पहिला उपाय म्हणजे तिच्यावरचा भार काढणं, बऱ्याचदा गुडघ्यापर्यंतच्या, काढता न येणाऱ्या प्लास्टरने. सोबत पायाचा रक्तपुरवठा आणि हाडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग तपासायचा. मधुमेही पायाच्या जखमांसाठी जे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे, तेही या मूलभूत उपचारांऐवजी वीज वापरू नका असंच सांगतं. तेव्हा या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. माझ्या लेखात मी सगळ्या जुनाट जखमा एकाच टोपलीत टाकल्या होत्या. ती चूक माझी, आणि तो परिच्छेद मी बदलतेय.

पण 'धंदा' हा शब्द मला मान्य नाही, कारण यातली वीज मुळात मशीनमधून आलेलीच नाही. एमिल द्यू ब्वा-रेमों या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये स्वतःच्या बोटाला झालेल्या जखमेतून वाहणारा प्रवाह मोजला होता. त्वचेच्या पेशी सोडियम सतत आत ढकलत असतात, त्यामुळे त्वचेच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमध्ये विजेच्या दाबाचा, मिलिव्होल्टमध्ये मोजता येणारा फरक राहतो. त्वचा फाटली की तिथे हा फरक कोसळतो आणि आजूबाजूच्या धड त्वचेखालून प्रवाह जखमेकडे वाहू लागतो. गिनीपिगच्या त्वचेवर १९८२ मध्ये हे मोजलं गेलं : जखमेच्या कडेला दर मिलिमीटरला साधारण १०० ते २०० मिलिव्होल्ट. नवी त्वचा घडवणाऱ्या पेशी या विजेच्या दिशेने सरकतात. संशोधक मिन झाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की प्रयोगशाळेत विजेच्या क्षेत्राची दिशा उलटी केली तर पेशीही उलट्या फिरतात आणि बुजत आलेली फट पुन्हा रुंदावते. मला हे पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा आला होता. जखम ओलसर ठेवायला आम्ही सांगतो त्यामागेही हे एक कारण आहे : कोरडी पडलेली जखम हा प्रवाह वाहू देत नाही.

आता माणसांवरचे पुरावे. क्लॉथ आणि फीडार या संशोधकांच्या १९८८ च्या अभ्यासात खोल बेडसोर (एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम) असलेले १६ रुग्ण होते. नऊ जणांना आठवड्यातून पाच दिवस, रोज ४५ मिनिटं प्रवाह दिला. नऊही जखमा सरासरी ७.३ आठवड्यांत भरल्या. बाकीच्यांच्या जखमा सरासरीने वाढल्या. सोळा माणसं फारच थोडी, हे उघड आहे. १९९९ मध्ये १५ अभ्यास एकत्र केले तेव्हा वीज दिलेल्या जखमा आठवड्याला २२ टक्के आणि न दिलेल्या ९ टक्के भरत होत्या. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बेडसोरवरच्या २०२० च्या समीक्षेत २० अभ्यास आणि ९१३ रुग्ण आहेत. पूर्ण भरण्याची शक्यता जवळपास दुप्पट दिसते, पुराव्याचा दर्जा मध्यम. माझ्या मते इतकं पुरेसं आहे, पण फक्त बेडसोरसाठी आणि फक्त अडून बसलेल्या जखमेसाठी. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विम्याचा २००३ पासूनचा नियम मला म्हणूनच पटतो : आधी ३० दिवस नेहमीचे उपचार नीट करा, मोजून सुधारणा दिसली नाही तरच वीज, आणि विजेनेही ३० दिवसांत फरक पडला नाही तर थांबा. रुग्णाने स्वतः घरी मशीन लावण्याचे पैसे हा विमा देत नाही.

राहिला प्रश्न जखमेत हात घालण्याचा. सडलेलं मांस काढायचं काम सर्जनचं, त्यात वाद नाही. पण बेडसोर होतो दाबाने आणि घासण्याने, आणि माणूस कसा झोपतो, बसतो, सरकतो हे बघणं हे आमचंच काम. मणक्याला इजा झालेल्या एका रुग्णाचा माकडहाडावरचा बेडसोर काही केल्या भरत नव्हता. ड्रेसिंग उत्तम, हवेची गादी होती, कूस वेळेवर बदलली जायची. मी एक सकाळ फक्त बसून पाहिलं. पलंगावरून खुर्चीत येताना ते दर वेळी नितंब चादरीवरून फरफटत नेत होते, आणि असं दिवसातून सहा-सात वेळा. सरकण्याची फळी दिली, हातांवर वजन उचलायला शिकवलं. दोन आठवड्यांत जखमेच्या तळाशी नव्या मांसाचे लाल कोंब दिसले. प्रवाह सुरू केला तो त्यानंतर, आणि सुरुवातीच्या सुधारणेचं श्रेय मी त्याला देत नाही. पायाच्या शिरांच्या जखमांचंही तसंच : घोट्याची हालचाल गेली की रक्त वर ढकलणारा पोटरीच्या स्नायूंचा पंप बंद पडतो आणि नुसत्या दाबाच्या पट्ट्यांवर सगळा भार येतो.

जखमेत कॅन्सर असेल, हाडात उपचार न झालेला संसर्ग असेल, पेसमेकर असेल तर हा प्रवाह द्यायचा नाही. चांदीचं किंवा आयोडीनचं मलम जखमेत राहिलं असेल तर आधी ते पूर्ण धुवायचं. घरच्या मशीनसोबत हे कुणी सांगितलं नसेल, तर ती चूक तुमची नाही.

वडिलांची जखम अजून उघडी असेल तर कृपया मशीन बाजूला ठेवा आणि या आठवड्यातच मधुमेही पाय पाहणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. पाय लाल, गरम, सुजलेला असेल, वास येत असेल किंवा ताप असेल तर आजच. घोट्यापाशी रक्तदाब मोजून रक्तपुरवठा तपासायला सांगा, जखमेत घातलेली बारीक सळई हाडाला लागते का ते विचारा, आणि भार काढायला काय देणार हे विचारल्याशिवाय उठू नका. तोवर त्यांना त्या पायावर चालू देऊ नका, बाथरूमपर्यंतसुद्धा. ते काय म्हणाले ते इथे कळवलंत तर पुढचं आपण बोलू.